हातचा

कीथलीच्या टाउन हॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर
रेडिएटर एकाच बाजूने तापतो. त्या बाजूला मी.
पुढ्यात कोरा आराखडा: पादचारी पूल, बदलणे.
लांबी अठरा मीटर. पैसा लोकांचा.

पहिला रकाना विचारतो, हेतू?
मी लिहिते, 'दोन्ही काठांमधील दळणवळण सुधारणे'
आणि खोडते.
काल पाऊण तास पुलावर उभी होते, हातात क्लिकर:
एकशे बारा माणसं, नऊ कुत्री,
आणि बॅटरीच्या स्कूटरवरून मिसेस ॲक्रॉइड,
ज्या मधल्या कुजक्या फळीपाशी थांबतात,
दम धरतात, मग जातात.
मी लिहिते, 'फळीपाशी कुणाला थांबावं लागू नये.'
साहेब म्हणतात, हे मोजता येत नाही.
येतं. चौदा सेकंद.

दुसरा रकाना, हितसंबंधी.
मराठीत हा शब्द उच्चारला
की कुणीतरी काहीतरी लाटतंय असंच वाटतं.
इथे यादीत शाळा आहे, वीज कंपनी आहे,
काठावरचा बेकर आहे, पुलाखालची वटवाघळं आहेत.
पाचामुखी परमेश्वर असेलही;
सदतीस मुखांनी तो काय बोलतो
ते मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये कळलं:
निम्मं पार्किंगबद्दल.

मग वेळापत्रक.
मे ते ऑगस्ट वटवाघळांची बाळंतपणं,
ऑक्टोबरपासून नदीत मासे अंडी घालणार,
उरला सप्टेंबर.
पंचांग घेऊन बसणारी माझी आत्यासुद्धा
इतके कमी मुहूर्त काढत नसे.
आणि पैसा मार्चअखेर संपलाच पाहिजे.
मार्चअखेर इथेही असते.
समुद्र ओलांडून ती माझ्या आधी पोचली होती.

जोखमीच्या तक्त्याला तीन रंग.
बैल गेल्यावर झोपा करणाऱ्यांच्या मुलखातली मी,
मला हा तक्ता मनापासून आवडतो:
बैल अजून गोठ्यात रवंथ करतोय
आणि आपण त्याच्या जाण्याला नंबर देतोय.
पश्चिम काठाखाली एक जुनं गटार आहे.
नकाशात नाही. मॉरिस होलरॉइडला ठाऊक आहे,
आणि मॉरिस शुक्रवारी निवृत्त होतोय.

त्याला घेऊन काठावर गेले.
तो गवतात इकडून तिकडे चालला,
बुटाची टाच आपटली. 'इथे.'
थांबला. 'नाही. इथे.'
मी खडूने फुली मारली, फोटो काढला,
फोटोत त्याची सावली फुलीवर पडली.
शक्यता पाच. परिणाम पाच. जबाबदारी कोणाची?
शुक्रवारपर्यंत मॉरिसची.
त्यापुढे मी बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग माझं नाव लिहिलं.

वित्त खात्यातून रझिया आली, पेन्सिल कानावर.
'हे पंधरा टक्के कशाचे?'
हातचे, मला म्हणायचं होतं.
दुसरीत पाटीवर बेरीज करताना
कोपऱ्यात बारीकसा एक मांडून ठेवायचो,
तो विसरला की सगळं उत्तर चुकायचं
आणि कुठे चुकलं ते दिसायचं नाही.
ह्याला इंग्रजीत जो शब्द आहे
त्यात पाटीचा वास नाही.
म्हणाले, 'आपल्याला जे माहीत नाही, त्याचे.'
'माहीत नसलेल्याला मी पैसे कसे मंजूर करू?'
तिला खडूची फुली दाखवली.
चहा झाला. आठ टक्क्यांवर मिटलं.

शुक्रवारी केक कापला, कार्डावर सगळ्यांनी सह्या केल्या.
आराखड्यावर अजून एक सही बाकी आहे;
पान एकेचाळीस, आवृत्ती शून्य दशांश नऊ.
खिडकीतून पाहिलं, मॉरिस पुलावरून घरी निघालेला,
एका हातात केकचा डबा,
कुजकी फळी न बघता ओलांडत.
मी खिशातला क्लिकर दाबला.
हा आकडा मांडायला
कुठलाच रकाना नव्हता.
समासात लिहिला, बारीक.